अर्ध्या गोळीचे जोडीदार

माझी मावशी तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायची. एकावर एक साठ थर, वर खडूची रेघ आणि उभ्या पात्याचं ते गुरगुरणारं मशीन. बाकीचे कटर रेघेच्या आसपास जायचे, मावशी रेघेवरून जायची. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा, ओठ घट्ट मिटलेले, आणि कोणी मध्येच बोललं तर अशी नजर, की बोलणारा पुढचे दोन दिवस त्या बाजूला फिरकत नसे. बत्तीस वर्षांत तिने ना कापड वाया घालवलं ना बोट. कारखान्यात तिला सगळे ब्लेडमावशी म्हणत. वरवर ती चिडायची, पण एकदा मालकाने तिला खऱ्या नावाने हाक मारली तेव्हा तिने वळूनही पाहिलं नव्हतं.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. मावशीने लग्न केलं नाही, मला वाढवलं. पुढे मला ऑफिसात चिकटवलं तेही तिनेच, मालकाच्या खनपटीला बसून. माझ्या वाट्याला विम्याचं टेबल आलं. कोणालाच नको असलेलं टेबल होतं ते, पण मला कागद वाचायला आवडायचं.

सगळ्या कामगारांचा मिळून एक गट विमा होता. पगारातून दरमहा थोडी रक्कम जायची, आणि डॉक्टरांची चिठ्ठी नेली की ठरलेल्या दुकानात औषध मिळायचं. पाकिटामागे ठराविक हिस्सा आपण भरायचा, बाकीचं विमा कंपनी भरायची. योजनेची पुस्तिका चांगली जाडजूड होती आणि ती वाचणारी अख्ख्या कारखान्यात मी एकटीच. त्यात मला एक गंमत सापडली. आपला हिस्सा पाकिटामागे ठरलेला होता. गोळी पाचच्या ताकदीची असो की दहाच्या, पैसे तेवढेच. म्हणजे दहाची घ्यायची, मधोमध कापायची, की एका पाकिटात दोन महिने निघाले.

मी डॉक्टरांना विचारून आले. ज्या गोळीवर मधोमध खाच आहे ती कापा म्हणाले, आणि ज्या कापायच्या नाहीत त्यांची यादी दिली. ती मी टेबलामागे चिकटवली. लोक खूश झाले. फक्त घरी स्वयंपाकाच्या सुरीने कापायला जायचे आणि अर्धी गोळी ओट्यावर भुगा होऊन पडायची. मग हे काम साहजिकच मावशीकडे आलं. जेवणाच्या सुट्टीत कटिंग खात्यातल्या शेवटच्या टेबलावर ती कोरा कागद पसरायची, नवं पातं काढायची, आणि रांग लागायची. टक् असा बारीक आवाज व्हायचा आणि दोन अर्ध्या वेगळ्या. मेडिकलवाल्याने एकदा हौसेने त्या काट्यावर टाकल्या. काटा हललासुद्धा नाही म्हणे.

पुढच्या वर्षी विमा कंपनीने हिस्सा दुप्पट केला, आणि पाकीट महिन्यातच संपवायचं, उरलेल्या गोळ्या परत करायच्या असा नियम काढला. तेव्हा मी आणखी डोकं चालवलं. एकच औषध, एकच मात्रा घेणारी दोन माणसं गाठायची. या खेपेला एकाच्या चिठ्ठीवर पाकीट, पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या. गोळी एक, अर्धी तुला, अर्धी मला. हे नियमात बसत नव्हतं. मी कानाडोळा केला असं म्हणायची माझी इच्छा आहे, पण ते खोटं होईल. यादी मी केली, जोड्याही मीच लावल्या. एकोणीस जोड्या. लोक माझ्या टेबलाला वधू-वर सूचक मंडळ म्हणू लागले.

पहिली जोडी इस्त्रीवाल्याची आणि काज-बटण खात्यातल्या बाईंची. बाईंची मुलगी बाळंतपणासाठी दूरच्या गावी होती, म्हणून त्यांनी आठवडाभर रजा घेतली. तिसऱ्या दिवशी भर सकाळी इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मुलगी झाली." दोन तासांनी बाईंचा फोन आला. मुलगीच झाली होती.

"मुलगा नाहीतर मुलगी," मी म्हटलं. "तिसरं काय होणार होतं?"

सगळे हसले. इस्त्रीवाला हसला नाही. माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, मला नाळ दिसली हो. गळ्याभोवती दोन वेढे होते."

बाई परत आल्यावर मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं. दोनच वेढे होते. डॉक्टरांनी वेळेवर सोडवले म्हणून बाळ वाचलं, हे त्यांनी मुलीच्या सासरीसुद्धा सांगितलेलं नव्हतं. मी तो विषय तिथेच सोडला. मला पटत नसलेल्या गोष्टी मी अशाच सोडते.

मावशीच्या हृदयाचा ठोका मधूनमधून चुकायचा. तिची गोळी महाग होती, आणि तीच गोळी स्टोअरकाका घेत. काका दोरे, बटणं, चेनी यांचा साठा सांभाळायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, शर्ट स्वच्छ, बोलणं जेवढ्यास तेवढं. रोज अकरा वाजता मावशी स्टोअरच्या खिडकीशी जायची.

"अहो स्टोअर, तुमची अर्धी."

"आणा."

दोघं एकाच वेळी पाणी प्यायचे आणि मावशी परत मशीनवर. चार वर्षं एवढंच. मी एकदा तिला छेडलंच, की तुझं आणि काकांचं काही आहे का. "एका गोळीत भागतंय, तर लग्न कशाला?" म्हणाली, आणि कान मात्र लाल झाले.

काका निवृत्त झाले. निवृत्त माणसाचं नाव महिनाअखेरीस गट विम्यातून जातं. मीच खोडलं ते. काका मुलाकडे दुसऱ्या गावी गेले. मावशी आपल्या चिठ्ठीवर दहाची गोळी घेत राहिली, स्वतःची अर्धी अकरा वाजता घ्यायची आणि त्यांच्या अर्ध्या कापसात ठेवून दर दहा दिवसांनी टपालाने पाठवायची. मला हे दिसत होतं. पण काकांचं निवृत्तिवेतन किती, हेही मला ठाऊक होतं.

एका मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास शिपाई मला बोलवायला धावत आला. मावशीने रेघेच्या मध्यावर मशीन बंद केलं होतं. असं तिने आयुष्यात केलं नव्हतं. ती टेबलापाशी उभी होती आणि मोजा घातलेला हात हवेत, समोर काहीतरी चाचपत असल्यासारखा.

"दिव्याचं बटण सापडत नाहीये गं त्यांना," ती म्हणाली.

"कोणाला?"

"स्टोअरला. भिंतीवर हात फिरवतायत. भिंत गार आहे." मग जरा वेळाने म्हणाली, "आणि संपतच नाहीये."

मी तिला घरी नेलं. थकवा असेल म्हटलं. पण त्यानंतर ती घरात चालताना एक हात भिंतीला लावून चालू लागली. रविवारी भर दुपारी, लख्ख उन्हात, तिने खोलीतला दिवा लावला, बंद केला, लावला, बंद केला. मी वैतागून विचारलं, हे काय चाललंय. "त्यांना दिसतंय का बघते," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता.

तीन आठवडे हे पाहून मी काकांच्या मुलाला फोन लावला.

"बाबा गेले हो," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले. कारखान्यात कोणाला कळवायचं तेच आम्हाला माहीत नव्हतं. मंगळवार होता. दुपारी वीज गेली, ते मीटर बघायला म्हणून माळ्याखालच्या अंधाऱ्या खोलीत गेले. आम्ही शोधायला गेलो तर भिंतीला टेकून बसलेले."

मी घरी येऊन मावशीला सांगितलं. ती भाजी चिरत होती. "ठाऊक आहे," म्हणाली आणि चिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी लिहून घेतली आणि तिच्यासाठी पाचच्या ताकदीचं पाकीट आणलं. हिस्सा जाऊ दे खड्ड्यात म्हटलं. "ही अख्खी घ्यायची. कापायची नाही. कळलं?"

"बरं," ती म्हणाली.

माझी मावशी पहिल्या झटक्यात बरं म्हणणाऱ्यांतली नाही. मला तिथेच शंका यायला हवी होती.

दोन महिन्यांत तिची रया गेली. पाय सुजले, ओठ काळसर पडले, चार पायऱ्या चढून ती थांबू लागली. आणि एक दिवस मशीन रेघ सोडून गेलं. साठ थरांवर तो काप वळत वळत तिच्या डाव्या हाताकडे आला. जाळीच्या मोज्यामुळे बोटं राहिली. डॉक्टरांनी तपासलं, कागद चाळले आणि माझ्याकडे रागाने पाहिलं. "यांच्या पोटात औषध निम्मंच जातंय. असंच चालू राहिलं तर महिनाभरही काढायच्या नाहीत."

त्याच आठवड्यात माझ्या नावाने काकांच्या मुलाकडून एक पुडकं आलं. आत चिठ्ठी होती: बाबांच्या नावाने अजून पाकिटं येत आहेत, आम्ही उघडलेली नाहीत, परत पाठवत आहोत. पाकिटं सात. पत्ता मावशीच्या हातचा, शिक्के काका गेल्यानंतरचे, डिंक जसाच्या तसा.

मी पहिलं पाकीट पट्टीने उघडलं. कापूस आणि चिमूटभर पांढरी पूड. टपालाच्या शिक्क्याखाली चिरडल्या असतील, मी मोठ्याने म्हटलं. टेबलाशी दुसरं कोणी नव्हतं. दुसऱ्यात पूडसुद्धा नव्हती. तिसऱ्यात, चौथ्यात, सगळ्यांत फक्त कापूस, आणि कापसात दहा खळगे, प्रत्येक अर्ध्या गोळीच्या आकाराचा. मी एकेक पाकीट खिडकीत उजेडापुढे धरून भोक शोधलं. कुठेही भोक नव्हतं.

मी रजा टाकून तशीच घरी गेले.

"मावशी, मेलेल्या माणसाला गोळ्या पाठवतेस तू?"

"पोचतात त्या," ती म्हणाली. "पोचल्या की त्यांचा हात थांबतो थोडा वेळ. जरा बसायला मिळतं त्यांना."

"आणि तुझं काय?"

"मला अर्धी पुरते."

"नाही पुरत!" मी ओरडले. बत्तीस वर्षं जिचं मशीनवरचं माप चुकलं नाही तिला स्वतःच्या जिवाचं माप कळत नव्हतं, आणि मला इतका संताप आला की मी पाकिटं जमिनीवर फेकली आणि मग तिथेच बसून रडले. मला आई आठवत नाही. मला आठवतं ते सगळं या बाईपासून सुरू होतं.

ती माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसली. "अख्खी उतरत नाही गं घशाखाली. करून पाहिलं मी. दुसरी अर्धी कोणीतरी घेतंय असं वाटलं, तरच माझी उतरते. आता याला काय करू?"

"मग दुसरी मी घेते."

"वेडी आहेस का? तुला काय झालंय?"

"मला काही झालेलं नाही. म्हणून तर घेते."

ती बराच वेळ नाही म्हणत राहिली. मी पुन्हा दहाची गोळी आणली, तिच्यापुढे पातं ठेवलं आणि म्हटलं, तू कापली नाहीस तर मी कापीन, आणि माझा हात कसा आहे तुला माहितीये. तिने कापली. माझं हृदय ठणठणीत होतं, ते औषध माझ्यासाठी नव्हतंच, आणि डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी मला दाराबाहेर काढलं असतं. पहिले चार दिवस मला उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण आठव्या दिवशी मावशीच्या ओठांवर रंग आला. भिंतीला हात लावायचं थांबलं. काकांचं काय, असं मी विचारलं, तेव्हा ती क्षणभर ऐकत राहिली आणि म्हणाली, "आता तिथे कोणी नाही." माझा जीव भांड्यात पडला.

मग माझं सुरू झालं. टेबलाशी फॉर्म भरताना डावा हात जड व्हायचा, बोटांवर गार जाळी बसल्यासारखी वाटायची. एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या अंगावर फाईल फेकली. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले, तोंड धुतलं, कोणाला काही कळू दिलं नाही. घरी आले तर मावशीचे डोळे सुजलेले.

"काय गं, काय झालं?"

"मला काय होणार? त्या मेल्याने फाईल फेकली ना तुझ्यावर? हिरवी."

खरं सांगते, मला भीती वाटायला हवी होती, पण मला बरं वाटलं. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. महिनाभर मी कुठेही एकटी नव्हते.

महिन्यानंतर एका दुपारी फायली लावत असताना अचानक मला श्वास पुरेना. पायाखाली आमच्या घराचा जिना होता. हात आपोआप बाजूला गेला आणि तळव्याला गार भिंत लागली. ऑफिसात माझ्या बाजूला भिंत नाही, नुसतं कपाट आहे. मी धावत घरी गेले. मावशी पलंगावर शांत बसली होती.

"जिन्यात जरा दम लागला," ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून थांबली. "तुला कळलं?"

"हो."

"भिंत लागली हाताला?"

"लागली."

ती उठली. पातं जाड कागदात गुंडाळलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. माझा हात धरून मला समोर बसवलं.

"आधी मी जाणार. वयाने म्हण, ठोक्याने म्हण. आणि गेल्यावर मला सोडवेल का तुला? स्टोअर काही वाईट माणूस नव्हते गं. फार सज्जन माणूस. पण त्यांना नाही सोडवलं."

दुसऱ्या दिवसापासून पाचची अख्खी गोळी. पहिल्या सकाळी ती दहा मिनिटं तळहातावर घेऊन बसली. दोनदा ओकारी आली, डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्या खेपेला गिळली, आणि लहान मुलं दाखवतात तसं तोंड उघडून मला दाखवलं. चाळीस दिवस मी रोज तिच्यासमोर बसून तिचं तोंड बघितलं. हळूहळू माझ्या हाताला जाळी लागेनाशी झाली. मग एके दिवशी ती घरी का चिडली होती ते तिला तोंडाने सांगावं लागलं.

मी सगळ्या जोड्या मोडल्या. नियमात बसत नाही असं सांगितलं. लोकांनी मला शिव्या घातल्या. इस्त्रीवाला आणि काज-बटणवाल्या बाईंनी मात्र चक्क नाही म्हटलं, आणि मी त्यांच्या वाटेला गेले नाही. उरलेल्यांसाठी काही निघतं का म्हणून पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. एकेचाळिसाव्या पानावर बारीक अक्षरांत होतं: त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी मागून घेतल्यास हिस्सा एक चतुर्थांशच, आणि तीन महिन्यांची एकदम घेतल्यास त्याहून कमी. फक्त मागायला हवी होती. मावशीची गोळीसुद्धा त्यात होती, आधीपासून. हे पान मी वाचलेलं होतं. पण तेव्हा मी स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होते, की ते साधं वाक्य मला दिसलंच नव्हतं. हे मी मावशीला कधी सांगितलं नाही.

ती आणखी एक वर्ष आणि दोन महिने जगली. त्यातले नऊ महिने मशीनवर.

गुरुवारी सव्वाचारला शेजारच्या काकूंचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, एकच्या सुमारास गेल्या असाव्यात, बसल्या बसल्या.

एक वाजता मी कुठे होते ते मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. टेबलाशी डबा खात होते. मेडिकलवाल्याचा फोन आला होता, एका गिऱ्हाइकाने खोकल्याचं औषध गुडघ्याला चोळलं ते तो रंगवून सांगत होता, आणि मी इतकी हसले की मला ठसका लागला. मग चहा घेतला. दोन फॉर्म भरले, शिक्के मारले. तीन तास आणि पंधरा मिनिटं मला काहीही कळलं नाही. अंगावर साधा शहारासुद्धा आला नाही. तिला अगदी हेच हवं होतं, आणि त्यासाठी मी तिला अजून माफ केलेलं नाही.